इंगलबरोची शरद ऋतूतील वर्तुळाकार पायवाट: क्लॅपमहून निघून क्लॅपमला परत, एका दिवसात

उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशायर डेल्स या राष्ट्रीय उद्यानाच्या नैर्ऋत्य भागात इंगलबरो हा ७२३ मीटर उंचीचा डोंगर आहे. त्याच्या दक्षिण पायथ्याच्या क्लॅपम गावातून निघून, माथा गाठून, पूर्वेच्या चुनखडीच्या पठारावरून उतरून पुन्हा त्याच गावात येणारी सुमारे १८ किलोमीटरची वाट शरद ऋतूत एका दिवसात कशी चालावी, हे येथे सांगायचे आहे. लीड्स, ब्रॅडफर्ड, मँचेस्टर या शहरांत राहणाऱ्या आणि सह्याद्रीत पाय मुरलेल्या मराठी मंडळींना हा डोंगर उंचीने किरकोळ वाटण्याची शक्यता आहे. सह्याद्रीत मात्र पायाखाली बहुतेक ठिकाणी काळा बेसाल्ट असतो आणि पावसाचे पाणी डोळ्यांदेखत ओढ्यातून वाहत जाते. इंगलबरोवर पाणी अचानक नाहीसे होते आणि काही किलोमीटर दूर जमिनीतून पुन्हा बाहेर पडते. ते कोठे वाहते, कोठे मुरते आणि कोठे प्रकटते याकडे लक्ष ठेवून चालले, तर मूर म्हणजे दलदली माळरान कोठे संपते आणि चुनखडी कोठे सुरू होते ते आपोआप कळते. पाऊल कोठे जपून टाकायचे, हेही त्यावरूनच ठरते.

प्रथम वेळेचा हिशेब करावा, कारण शरदात खरी अडचण चढाची नसून उजेडाची असते. ऑक्टोबरच्या मध्यास या भागात सूर्योदय साडेसातच्या सुमारास आणि सूर्यास्त सहा-सव्वासहाला होतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे घेतली जातात आणि त्या दिवसापासून पावणेपाचच्या सुमारासच सूर्य मावळतो. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला नियम आजही उपयोगी पडतो. दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास धरावा. त्याप्रमाणे १८ किलोमीटरचे साडेतीन तासांहून थोडे अधिक होतात आणि साधारण साडेसहाशे मीटरच्या चढाचे एक तासाहून थोडे अधिक, म्हणजे सारे मिळून पावणेपाच तासांच्या आसपास. परंतु त्यात विश्रांती, जेवण, नकाशा पाहणे आणि थांबून निरखणे यांचा समावेश नाही. ही वाट थांबून पाहण्याचीच असल्यामुळे सात ते आठ तास धरणे शहाणपणाचे ठरते. ऑक्टोबरच्या मध्यास साडेआठला आणि घड्याळे मागे गेल्यानंतर साडेसातला गाव सोडावे. बारापर्यंत माथा गाठावा आणि पाऊणच्या पुढे तेथे रेंगाळू नये.

काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही चौघे साडेदहाला निघालो होतो. घड्याळे आदल्याच दिवशी बदलली होती आणि ते ठाऊक असूनही त्याचा अर्थ आमच्या ध्यानी आला नव्हता. शेवटचे पाच किलोमीटर आम्ही दोन विजेऱ्यांच्या उजेडात चाललो. संकट असे काही आले नाही, पण परतीच्या वाटेवरील नॉर्बर या उतारावरच्या ज्या शिळा पाहण्यासाठी गेलो होतो त्या शेजारून जाऊनही दिसल्या नाहीत. तेव्हापासून मी दिवसाचा हिशेब शेवटाकडून करतो. नॉर्बरला उजेड असताना पोहोचायचे, हे आधी ठरवायचे आणि मग मागे मोजत सकाळची वेळ काढायची.

ही वाट उलट दिशेनेही चालता येते, पण माझे मत स्पष्ट आहे. चढ सकाळी, ताज्या पायांनी, ट्रो गिल या घळीच्या बाजूने करावा आणि चुनखडीचे पठार दुपारसाठी राखावे. शरदात दुपारनंतर सूर्य नैर्ऋत्येला खाली झुकतो, तिरपे ऊन करड्या खडकावर पडते आणि खडकातील प्रत्येक चीर, प्रत्येक कडा सावलीमुळे उठून दिसते. भर दुपारच्या सरळ प्रकाशात तेच पठार सपाट वाटते.

सोबत काय घ्यावे, याची लांबलचक यादी देण्याची गरज नाही. ज्यांनी पावसाळी ट्रेक केले आहेत त्यांना पाणी अडवणारे जॅकेट आणि पँट यांचे महत्त्व ठाऊक असतेच. सह्याद्रीतील पावसात भिजले तरी अंगात ऊब राहते, येथे मात्र तसे होत नाही. गावापेक्षा माथ्यावर तापमान साधारण चार अंशांनी कमी असते, आणि वारा सुटला तर अंगाला ते त्याहूनही बरेच कमी जाणवते. म्हणून सुती कपडे घरीच ठेवावेत, लोकरीचा किंवा फ्लीसचा एक जादा थर, टोपी आणि हातमोजे पिशवीत असावेत, आणि घोट्यापर्यंतचे, खोल खाचांच्या तळव्याचे बूट घालावेत. प्रत्येकाकडे स्वतःची डोक्याला बांधायची विजेरी असावी. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशासंस्थेचा ‘एक्सप्लोरर ओएल २’ हा १:२५,००० प्रमाणाचा कागदी नकाशा आणि होकायंत्र घ्यावे, कारण थंडीत मोबाइलची बॅटरी झपाट्याने उतरते आणि माथ्यावर ढग उतरल्यास दिशेचा प्रश्न खरोखरच उभा राहतो. पिण्याचे पाणी पूर्ण दिवसाचे घ्यावे. एवढ्या पावसाच्या मुलखात ही सूचना विचित्र वाटेल, पण चुनखडीच्या पठारावर वाहते पाणी जवळजवळ मिळत नाही आणि माळरानावरील ओढ्यांत मेंढ्यांचा वावर असतो.

क्लॅपमला रेल्वेनेही जाता येते. लीड्सहून लँकेस्टर आणि मोरकमकडे जाणाऱ्या मार्गावर त्याचे स्थानक आहे. मात्र गाड्या दिवसाला मोजक्याच असतात, आणि स्थानक गावापासून सुमारे दोन किलोमीटर दूर असल्यामुळे जाऊन-येऊन चार किलोमीटरची भर पडते. वाटेत ए६५ हा वर्दळीचा रस्ता ओलांडावा लागतो, तेथे परतीच्या अंधारात विशेष जपावे. मोटारीने येणाऱ्यांसाठी गावात राष्ट्रीय उद्यानाचा वाहनतळ आहे.

गावातून चर्चच्या बाजूने वर गेले की इंगलबरो इस्टेटची पायवाट सुरू होते. तिला थोडे शुल्क आहे आणि ते द्यावे असे मी सुचवेन, कारण ही वाट एकोणिसाव्या शतकात फॅरर कुटुंबाने बांधलेल्या तळ्याकाठून, बीच आणि ओकच्या झाडीतून जाते, आणि ऑक्टोबरच्या उत्तरार्धात बीचची पाने तांब्याच्या रंगाची होतात. याच घराण्यातील रेजिनल्ड फॅरर (१८८०–१९२०) हे वनस्पतींचे संग्राहक होते. त्यांनी आशियातून आणलेल्या झाडांचे, विशेषतः ऱ्होडोडेंड्रॉनचे, वंशज या दरीत आजही आहेत. ज्यांना शुल्क टाळायचे असेल त्यांना क्लॅपडेल फार्मवरून जाणारी सार्वजनिक वाट मोकळी आहे. ती अधिक उघडी आणि थोडी अधिक चढाची आहे. दोन्ही वाटा इंगलबरो गुहेजवळ एकत्र येतात.

गुहेजवळ पहिल्यांदा पाण्याकडे नीट पाहावे. गुहेच्या शेजारून, बेक हेड येथे, एक ओढा खडकाखालून बाहेर पडतो. त्याच्या वरच्या बाजूची दरी मात्र कोरडी आहे. हे पाणी कोठून आले याचे उत्तर आणखी दोन किलोमीटर वर गेल्यावर मिळते. गुहेची आतील बाजू १८३७ मध्ये खुली झाली. चुन्याच्या निक्षेपाचा एक बांध पाणी अडवून उभा होता, तो फोडल्यावर आत जाण्याची वाट मोकळी झाली. मार्गदर्शकासह आतून पाहता येते, पण शरदातील छोट्या दिवसात इंगलबरोचा माथा आणि गुहा दोन्ही साधण्याचा मोह धरू नये. गुहेसाठी दुसरा दिवस ठेवावा.

गुहेच्या पुढे वाट डावीकडे वळते आणि ट्रो गिल या घळीत शिरते. घळ हाच येथे योग्य शब्द आहे. दोन्ही बाजूंना चुनखडीचे उंच कडे जवळ येत जातात आणि शेवटी दोन-तीन माणसांपुरती रुंदी उरते. हिमयुगाच्या अखेरीस जमीन गोठलेली असताना वितळलेले पाणी खाली मुरू शकत नव्हते, त्यामुळे ते पृष्ठभागावरून वाहिले आणि त्याने ही घळ कोरली. आता पाणी भूगर्भातून जाते आणि घळ कोरडी आहे. वरच्या टोकाला धोंडे चढून जावे लागते. असंख्य पावलांनी त्यांना गुळगुळीत झिलई आली आहे आणि ओल्या चुनखडीवर बूट साबणावरून सरकावेत तसे सरकतात. बेसाल्टच्या खरबरीत पकडीची सवय असलेल्या पायांना येथे फसायला होते, म्हणून हात मोकळे ठेवावेत आणि काठ्या पिशवीला अडकवाव्यात.

घळीच्या वर वाट एका गडग्याच्या कडेने जाते. कोकणात जांभ्याच्या चिऱ्यांचे, चुना-मातीविना रचलेले गडगे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना डेल्समधील मैलोन्‌मैल पसरलेल्या या दगडी भिंती लगेच ओळखीच्या वाटतील. गडगा ओलांडण्यासाठी जागोजागी दगडी किंवा लाकडी पायऱ्या असतात. तेवढ्याच ठिकाणी ओलांडावे, कारण एक दगड ढासळला की पुढच्या पावसात त्याच्या मागोमाग पाच ढासळतात आणि ते पुन्हा रचण्याचे काम तेथील शेतकऱ्याच्या माथी येते. फाटक ज्या स्थितीत आढळेल त्याच स्थितीत सोडावे. शरदाच्या शेवटाकडे मेंढ्यांच्या पाठीच्या मागच्या भागावर निळे, लाल किंवा हिरवे रंग दिसू लागतात. एडक्यांच्या छातीला रंग लावून त्यांना कळपात सोडतात आणि ज्या मेंढीवर रंग उमटला ती फळली असे शेतकरी समजतो. या दिवसांत कळपांमधून न जाता थोडा वळसा घ्यावा.

डावीकडे गडगा ओलांडला की पायाखालची जमीन बदलते. आखूड, घट्ट हिरवळ संपते आणि पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची काळी, स्पंजासारखी माती, सुरू होते. चुनखडीवर हिमनदीने पसरलेली चिकणमाती येथे झाकणासारखी बसली आहे. ती पाणी मुरू देत नाही आणि त्यावर दलदल साचते. मूर ग्रास या गवताचा रंग ऑक्टोबरमध्ये वाळलेल्या भाताच्या पेंढ्यासारखा होतो, आणि हीदर या झुडपाची जांभळी फुले तोवर तपकिरी पडलेली असतात. सर्वात हिरवेगार आणि लुसलुशीत दिसणारे शेवाळाचे ठिगळ टाळावे, कारण तेथेच पाय गुडघ्यापर्यंत जातो.

या माळरानावरून फेल बेक नावाचा ओढा येतो आणि गेपिंग गिल या विवरात सरळ ९८ मीटर खाली कोसळतो. उंच इमारतीच्या भाषेत सांगायचे तर हे सुमारे तीस मजले होतात. खाली ब्रिटनमधील सर्वात मोठ्या नैसर्गिक भूगर्भ दालनांपैकी एक आहे. १८४२ मध्ये जॉन बर्कबेक यांनी उतरण्याचा प्रयत्न केला, पण ते वरच्या एका कपारीपर्यंतच पोहोचले. तळापर्यंत प्रथम उतरले ते फ्रान्सचे एदुआर-आल्फ्रेद मार्तेल, १ ऑगस्ट १८९५ रोजी. आणि खाली गुहेजवळ पडलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे: या विवरात पडलेले पाणीच बेक हेडला बाहेर येते. दोन्ही गुहा आतून जोडलेल्या आहेत हे पाण्याखालून पोहत जाणाऱ्या गुहासंशोधकांनी १९८३ मध्ये प्रत्यक्ष त्या वाटेने जाऊन सिद्ध केले. विवर येथेच का झाले, हे पायाखाली पाहूनच कळते. पीटमधून येणारे पाणी आम्लधर्मी असते. ते जेथे अभेद्य थर सोडून चुनखडीला प्रथम भिडते, त्या सीमेवर खडक सर्वाधिक विरघळतो. इंगलबरोभोवतीची अनेक विवरे याच सीमारेषेवर, एका उंचीवर ओळीने आढळतात. कुंपणाच्या बाहेरूनच पाहावे. कडेचा खडक ओला व उतरता आहे, आणि छायाचित्रासाठी त्यावर पाऊल टाकण्याचे धाडस कोणीही करू नये.

गेपिंग गिल हा दिवसातील पहिला निर्णयाचा मुक्काम समजावा. साडेदहा-अकरापर्यंत येथे पोहोचलेले असावे. येथून वर लिटल इंगलबरोचा खांदा दिसत नसेल, वाऱ्यात उभे राहणे कठीण होत असेल, किंवा सोबतचा कोणी कुडकुडत असेल, तर आल्या वाटेने परतावे. ट्रो गिल आणि गेपिंग गिल पाहून झालेले असल्यामुळे दिवस वाया गेला असे होत नाही.

लिटल इंगलबरोवर जाणारी वाट धोपट आहे, बऱ्याच भागात दगड बसवले आहेत. हा टप्पा सबंध दिवसातील सर्वात दमवणारा आणि पाहण्यासारखे सर्वात कमी असलेला. सावकाश, एका लयीत चढावे. खांद्यावरून शेवटचा चढ मिलस्टोन ग्रिट या भरड वालुकाश्माचा आहे. हा कठीण थर टोपीसारखा माथ्यावर बसल्यामुळेच डोंगराचा माथा सपाट राहिला आहे. माथ्याभोवती प्राचीन दगडी तटबंदीचे अवशेष आहेत. सुमारे सहा हेक्टरचे पठार तिने वेढले होते आणि आत गोल घरांच्या जोत्यांच्या खुणा आहेत. गडकिल्ले पाहत वाढलेल्या माणसाला त्या ढासळलेल्या रांगेत तट ओळखायला वेळ लागत नाही. तिचे दगड उचलून आडोसे आणि राशी रचण्याची काही जणांना सवय आहे, ती आपण तरी लावून घेऊ नये. वाऱ्यापासून आडोशासाठी अधिक चिन्हाच्या आकाराची भिंत बांधलेली आहे. वारा कोणत्याही दिशेचा असला तरी तिचा एक कोपरा शांत असतो. जेवण तेथे करावे. हवा स्वच्छ असेल तर पूर्वेला पेन-य-गेंट व उत्तरेला व्हर्नसाइड हे डोंगर आणि पश्चिमेला मोरकमच्या उपसागराची चकाकी दिसते.

ढगात हे पठार फसवे ठरते. ते इतके सपाट आहे की कोणती कड कोणत्या बाजूची ते समजत नाही, आणि पश्चिम व उत्तर बाजू तीव्र उताराच्या आहेत. माथ्यावर पोहोचताक्षणी, ढग नसला तरी, होकायंत्रावर उतरण्याची दिशा लावून ठेवावी. पठाराच्या ईशान्य कोपऱ्याकडे जायचे आहे. तेथून थोडे खाली वाट दुभंगते. डावी वाट खड्या पायऱ्यांनी चॅपल-ले-डेल या गावाकडे जाते, ती आपली नव्हे. उजवी वाट सायमन फेलच्या उतारावरून पूर्वेला हॉर्टन गावाच्या दिशेने जाते, ती धरावी. या फाट्यावर चुकून दुसऱ्या दरीत उतरलेल्या माणसाला क्लॅपम गाठण्यासाठी मोठा वळसा पडतो.

सुमारे दोन-अडीच किलोमीटर माळरान उतरल्यावर पुन्हा तीच सीमा येते. या वेळी पीटकडून चुनखडीकडे. राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्रात शिरताच काळी माती विरळ होते आणि करड्या खडकाची फरसबंदी उघडी पडते. हा खडक सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वी उथळ, उबदार समुद्रात साठला. हिमनदीने त्यावरची माती खरवडून नेली आणि पुढे पावसाने मूळच्या सांध्यांतून चिरा रुंद केल्या. उंचावरील सपाट लाद्यांना ‘क्लिंट’ आणि मधल्या चिरांना ‘ग्राइक’ म्हणतात. चिरांमध्ये वाकून पाहावे, हे आवर्जून सांगतो. वर वारा आणि मेंढ्या काही उगवू देत नाहीत, पण हातभर खाली ओल आणि सावली आहे, आणि तेथे हार्ट्स टंग नावाच्या नेच्याची लांब, चकचकीत पाने ऑक्टोबरातही हिरवीगार असतात. वर सारा मुलूख पिवळा-तपकिरी पडलेला असताना हे हिरवेपण पाहून माणूस हटकून थबकतो. मात्र ओल्या लाद्यांवर उड्या मारीत जाऊ नये. पाय चिरेत अडकून घोटा मोडण्याचा धोका असतो, म्हणून शक्यतो मधल्या गवताच्या पट्ट्यांवरून चालावे. लाद्या हलवणे किंवा नेणे कायद्याने निषिद्ध आहे.

सल्बर येथे चार दिशांची पाटी लागते. येथे उजवीकडे, दक्षिणेला, क्लॅपमच्या दिशेने वळून सल्बर गेट हे फाटक गाठावे. हा दिवसातील दुसरा निर्णयाचा मुक्काम. सूर्य मावळायला अडीच तासांहून कमी वेळ उरला असेल तर लाँग स्कारवरून लाँग लेनने थेट क्लॅपमला उतरणारी रुंद वाट धरावी. तिच्यावर चुकण्यासारखे फारसे नाही. वेळ हाती असेल तर फाटकातून खाली थीव्ज मॉसच्या बाजूने बेगर्स स्टाइल ही पायरी ओलांडून क्रमकडेल या दरीत उतरावे. बेगर्स स्टाइलवर पाच मिनिटे बसावे. तिन्ही बाजूंना चुनखडीचे पांढुरके कडे आणि मध्ये गडग्यांनी आखलेली शांत कुरणे असे ते दृश्य आहे. याच महिन्यात फील्डफेअर आणि रेडविंग हे कस्तुराच्या जातीचे पाहुणे पक्षी उत्तरेकडून येतात आणि हॉथॉर्नच्या लाल फळांवर थव्याने उतरतात.

क्रमक फार्मवरून क्रमक लेनने दक्षिणेला दीडएक किलोमीटर गेल्यावर उजवीकडे गडगा ओलांडून नापा स्कार्सच्या कड्याखालून वाट चढते. कड्याच्या तळाशी थांबून पाहावे. तेथे आडव्या चुनखडीखाली तिरपे, काळपट, कितीतरी जुने खडक दिसतात. दोन्हींच्या वयात सुमारे दहा कोटी वर्षांचे अंतर आहे आणि ते अंतर आपण हाताच्या पंज्याने झाकू शकतो.

त्याच जुन्या काळ्या खडकाचे मोठमोठे धोंडे पुढे नॉर्बरच्या उतारावर विखुरले आहेत. सुमारे १७,००० वर्षांपूर्वी हिमनदीने ते क्रमकडेलच्या तळातून उचलून वर आणले आणि बर्फ वितळल्यावर तेथेच सोडले, म्हणून येथे जुना खडक तरुण खडकाच्या डोक्यावर बसलेला दिसतो. काही धोंडे ३० ते ५० सेंटीमीटर उंचीच्या चुनखडीच्या पायांवर उभे आहेत. धोंड्याने छत्रीसारखे पावसापासून वाचवले तेवढाच खडक उरला आणि सभोवतालचा विरघळून गेला. त्या पायाची उंची म्हणजे बर्फ गेल्यापासून पावसाने खाल्लेल्या चुनखडीचे मापच आहे. चारच्या सुमारास तिरप्या उन्हात येथे पोहोचता यावे, यासाठीच सकाळची घाई होती.

नॉर्बरहून रॉबिन प्रॉक्टर्स स्कारच्या कड्याखालून वाट शेतांतून थ्वेट लेनपर्यंत उतरते. तेथे उजवीकडे वळून दोन गडग्यांमधल्या त्या जुन्या रस्त्याने क्लॅपमकडे चालत राहावे. अपघात झाल्यास ९९९ वर फोन करून पोलिसांकडे डोंगरी बचाव पथकाची मागणी करावी. या भागाचे पथक १९३५ पासून काम करीत आहे आणि त्याचे ठाणे क्लॅपममध्येच आहे. फोन लागत नसेल तर शिट्टीचे एका मिनिटात सहा आवाज करावेत, एक मिनिट थांबावे आणि पुन्हा तेच करावे. रात्रीसाठी विजेरीच्या सहा झोतांचाही हाच संकेत आहे. मोबाइलवरून ९९९ ला मजकूर पाठवण्याची सोय आधी नोंदणी केल्यावरच मिळते, म्हणून ती घरी असतानाच करून ठेवावी.

गावात शिरण्याआधी रस्ता दोन बोगद्यांतून जातो. फॅरर घराण्याच्या हवेलीची बाग अखंड राहावी म्हणून रस्ता जमिनीखालून नेलेला आहे. आत दिवसाही अंधार असतो आणि तळ ओला व खडबडीत असतो, त्यामुळे गावातले दिवे दिसू लागले म्हणून विजेरी पिशवीत टाकू नये, ती बोगद्यांच्या पलीकडे चर्चपाशी पोहोचल्यावरच बंद करावी.